धोंड्यापर्यंत छत्तीस कंबर

५ एप्रिल २०२६, रविवार. लातूर
आजपासून रोजनिशी. माझं म्हणणं समजण्याच्या लायकीचा माणूस या घरात नाही, गल्लीत नाही, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही.
वजन ९४. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट ९.१. कंबर ४२ (टेप धुतल्यामुळे आखडली असणार).
निलंग्याहून सासऱ्यांचा, गुरुपादप्पांचा फोन. यंदा अधिक महिना. ३१ मेला धोंड्याचं जेवण, दोन्ही जावयांना आहेरात शिवलेला सफारी. कमरेचं माप सांगा म्हणाले. ३६ सांगितलं. राजश्री शेजारीच ज्वारी निवडत होती. म्हणाली, कोणाचं माप दिलात? बायकांना भविष्यकाळ कळत नाही.
तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला पाटावर बसताना माझ्या पँटचं बटण उडालं आणि साडूच्या, मुकुलच्या, कढीच्या वाटीत पडलं. त्यानं ते चमच्यानं काढून पंगतीला दाखवलं. ठिबकचे पाइप विकणारा माणूस, बी.ए. अर्धवट. तेव्हापासून सासुरवाडीची पोरंसोरं मला बटण सर म्हणतात. यंदा हे बंद झालं पाहिजे. छत्तीस म्हणजे छत्तीस.

७ एप्रिल
डॉ. मालविकाकडे. दहावीला गणिताला माझीच विद्यार्थिनी होती, प्रमेयं पाठ करून लिहायची. असली पोरं डॉक्टर होतात. तिनं आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन दिलं. पेनसारखं असतं. शुगर उतरते, भूक मरते, वजन घटतं. महिनाभर पाव मिलिग्रॅमच घ्या, वाढवायचं मी बघीन, सर, तुम्ही वाढवू नका, म्हणाली. मळमळ होईल. रोज चाला. आणि सकाळची जुनी गोळी बंद, नाहीतर शुगर एकदम खाली येईल. हे दोनदा सांगितलं. पाठांतराची सवय जात नाही.
घरी जुन्या गोळ्यांच्या सहा स्ट्रिप आहेत. चांगल्या गोळ्या केरात टाकणं माझ्या स्वभावात नाही. आधी त्या संपवतो.

१२ एप्रिल, सकाळी ७
पहिलं इंजेक्शन. मेडिकलवाल्या जिलानीभाईनं पेन कसं धरायचं ते तीनदा दाखवलं. म्हणाला, सर, फ्रीजमधी ठेवा, बर्फाच्या कप्प्यात न्हाई. चाळीस वर्षं तेच दुकान, तीच खुर्ची. मला शिकवतो.
काही दुखलं नाही. माझी सहनशक्ती पहिल्यापासून जास्त आहे.

१९ एप्रिल
वजन ९३. भूक कमी. पाव मिलिग्रॅमला आठवड्याला एक किलो. म्हणजे एक मिलिग्रॅमला चार किलो. त्रैराशिक. सातवीतलं पोर सोडवेल. डॉक्टरांना महिने का लागतात ते आज कळलं.
आज पाव पाव असं चार वेळा टोचलं.

२१ एप्रिल
मळमळ. तव्यावरच्या तेलाचा वास आला तरी पोट ढवळतं. म्हणजे चरबी हलायला लागली. राजश्री म्हणाली, मालविकाला फोन लावा. विद्यार्थिनीला फोन करून विचारायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

२४ एप्रिल
नवीन त्रास. ढेकर. आणि ढेकराला वास. कसला ते लिहायला नको, पण लिहितो: सडक्या अंड्याचा.
आम्ही लिंगायत, आमच्या घरात चार पिढ्या अंडं आलेलं नाही. राजश्रीनं माझी शाळेची बॅग उलटी करून पाहिली, खिसे हुंगले. म्हणाली, बसस्टँडवर ऑम्लेट खाऊन यायलात का? खरं सांगा, गळ्यात लिंग हाय तुमच्या. अशा पातळीवर मी उतरत नाही. तिनं माझी ताट-वाटी वेगळी ठेवली.

२६ एप्रिल
पेन संपलं. जिलानीभाई दुसरं देईना. म्हणाला, सर, एक पेन महिन्याच्या वर जातंय. पंधरा दिवसात संपलं कसं? बाईंची नवी चिठ्ठी आणा, मग देतो. गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणणारा दुकानदार. याचा धंदा चालतो कसा?

२८ एप्रिल
शाळेच्या कामाचं सांगून नांदेडला. मला कोणी ओळखत नाही अशा दुकानात चिठ्ठी न विचारता जास्त ताकदीचं पेन मिळालं. दोन घेतली.
परतीच्या एसटीत लोह्याजवळ ढेकर आला. मागच्या बाईनं पदर नाकाला लावला. कंडक्टर ओरडला, अंड्याचा डबा कोणाचा हाय, बाहेर टाका की, नासलाय. मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेवटी त्यानं एका कॉलेजच्या पोराचा डबा उघडून पाहिला, त्यात भेंडी निघाली. लोकांना सार्वजनिक शिस्त नाही.

१० मे
वजन ८८. कंबर ४०. चार दिवस पोट साफ नाही. राजश्री पहाटे साडेपाचला मैदानावर चालायला जाते आणि मलाही उठवते. बायकांची गप्पा मारायची सोय, दुसरं काही नाही. गेलो नाही.

१७ मे
अधिक महिना लागला. वजन ८६. हात थरथरतात, दुपारी दरदरून घाम येतो. उन्हाळा आहे. सही वाकडी येते. राजश्रीनं रात्री माझा हात धरून ठेवला होता. झोपमोड झाली.

३० मे, निलंगा
कंबर ३९. तीन इंच बाकी, एक रात्र हातात. खात्री म्हणून आज जादा टोचून घेतलं. उद्या सकाळची गोळीही घेणार. उद्या मुकुलचा चेहरा बघायचा आहे.

२ जून, निलंगा, दवाखाना
हात आता स्थिर आहे म्हणून लिहितो.
३१ तारखेला पाटावर बसलो. बटण उडालं नाही, हे आधी नोंदवतो. सासूबाईंनी, नागम्मांनी, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. म्हणाल्या, ऊटा करा जावईबापू, जेवा पोटभर, लई वाळलात. तुपाचा वास नाकात गेला आणि ढेकर आला. मोठा.
सगळी पंगत थांबली. सासरे, मामंजी, नुकतेच लिंगपूजेवरून उठलेले, कपाळावर विभूती ओली. त्यांनी हात ताटाबाहेर काढला. मुकुल म्हणाला, सर, एकटेच खाऊन आलात व्हय? मी त्याला चांगलं उत्तर देणार होतो. पण त्याचं नाव आठवेना. मग ताट दिसेना.
डोळे उघडले तेव्हा माझं डोकं मुकुलच्या मांडीवर होतं आणि तो बोटानं माझ्या गालाच्या आत गूळ चोळत होता. त्याच्याच टेम्पोत, पाइपांच्या मध्ये आडवा घालून, इथं आणलं. शुगर ४१ होती. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतात? राजश्रीनं पर्समधून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप आणि दोन पेनं काढून टेबलावर ठेवली. तिला सगळं माहीत होतं. ढेकराचं कारण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामंजी दाराशी उभे होते. अंडं नव्हतं, औषध होतं. मामंजींनी आत येऊन माझ्या पायांवर चादर घातली आणि गेले.
राजश्री दोन रात्री खुर्चीवर बसून होती. मी मरतो असं तिला वाटलं, म्हणाली. मलाही वाटलं होतं. मी घाबरलो होतो. हे फक्त इथं लिहितो.

७ जून, लातूर
मालविकाकडे. तिनं सगळं ऐकून घेतलं, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. गोळी कायमची बंद. इंजेक्शन सध्या बंद, पुन्हा द्यायचं तर पाव मिलिग्रॅमपासून, आणि पेन राजश्रीच्या ताब्यात.
संध्याकाळी मुकुल आहेराचा सफारी घेऊन आला. त्या दिवशी द्यायचा राहून गेला होता. मी म्हटलं, छत्तीसचा आता नाही होणार. तो राजश्रीकडे बघायला लागला. तिनं ५ एप्रिललाच, मी आंघोळीला गेल्यावर, निलंग्याला फोन करून बेचाळीस कळवलं होतं. छत्तीस तिथं कोणीच लिहून घेतलं नव्हतं.
मुकुलनं कपड्यांची घडी माझ्या हातात दिली. चहा पिऊन गेला. जाताना नमस्कार केला.
मग घडी उलगडली. पँटला बटणच नाही. मामंजींनी शिंप्याला सांगून कमरेला इलॅस्टिक घालून घेतलंय.
उद्या साडेपाचला मैदानावर. राजश्री म्हणाली, वास जाईपर्यंत दहा पावलं मागं चाला.
पँट घालून बघितली. आरामशीर आहे.