शेवटचा पाठ आधी

तलासरी
ता. १८ जानेवारी १९६२

तीर्थरूप आईस जमुनाचा नमस्कार. हे पत्र चंद्रा तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे, तेव्हा त्या धाकटीला आशीर्वाद, आणि मधे स्वतःचं काही घुसडू नकोस असा दमही.

बाजारात बोंबील घेऊन आला होता तेव्हा नारूदादाने तुझा निरोप दिला. त्याविषयी पुढे लिहिते. माझी तब्येत उत्तम आहे. सातवा सरत आला आणि भूक इतकी लागते, की तू पाठवलेला जवळा कधीच संपला. फार वेळ उभी राहू नकोस म्हणून हे रोज बजावतात. मी उभीच असते, कारण माझा सुईणींचा वर्ग चालू आहे.

त्या वर्गाची गंमत ऐक. सरकारी पुस्तकात आधी शरीराची चित्रं, मग जंतू, मग धुणं-उकळणं आणि अगदी शेवटी बाळंतपण. पावसाळ्यापूर्वीच्या वर्गाला मी तसंच शिकवलं. बायका माना डोलवायच्या. ठकी ही त्यांतली सगळ्यांत हुशार सुईण. तिने परीक्षेत डॉक्टरांना सगळं घडाघडा सांगितलं. नंतर तिच्या पाड्यावर गेले, तर बाई विळा लुगड्याला पुसून नाळ कापायच्या बेतात! मी हात धरला. रागावले, पण तिच्यावर नाही. मी पाठच उलट्या टोकाने बांधला होता.

आमच्या नर्सच्या ट्रेनिंगच्या बाई सांगायच्या, आधी शेवट लिहा. तुम्ही खोलीत नसताना त्या बाईचे हात काय करायला हवेत? मग तिला आज काय येतं ते पाहा. या दोहोंमधलं अंतर, तेवढाच अभ्यास. या वर्गाला मी पुस्तक मिटून ठेवलं आणि पुन्हा ठकीलाही बोलावलं. पहिल्याच दिवशी चिंध्यांचं बाळ, त्याला सुतळीची नाळ आणि प्रत्येकीच्या हाती पातं. घड्याळ कुणाकडे नाही, पण भात सगळ्यांना येतो. म्हणून एका चुलीवर भात, शेजारच्या चुलीवर पातं आणि दोरा. पाण्याला उकळी आली की तांदूळ वैरायचे आणि भात होईपर्यंत पातं बाहेर काढायचं नाही. हाताला तव्याची काजळी फासायची आणि नखांतून ती जाईपर्यंत साबण लावायचा. जिला जमलं तिने दुसरीला शिकवायचं. जिथे त्या अडतात तिथला पाठ मी दुसऱ्या दिवशी बदलून आणते. बारकी नावाच्या सुईणीसाठी तर साबणाचा पाठ तीनदा बदलला, आता ती माझेच हात तपासते.

काल मी मुद्दाम उकळलेलं पातं जमिनीवर टेकवलं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे केलं. ठकीने माझं मनगट धरलं.

"बाय, ता परत उकड. नाय तं मी हात नाय लावणार."

तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला. आता ही मोठ्या डॉक्टरलाही अडवायला कमी करणार नाही.

चंद्रा, इथून पुढचं फक्त आईसाठी आहे. बाकीच्यांना बाहेर पाठव आणि हळू वाच.

आई, तू निरोप धाडून बोलावलंस, तरी मी बाळंतपणाला डहाणूला येणार नाही. माहेर असताना परक्या गावात कशाला, असं तू म्हणशील. दवाखाना जवळ आहे हे कारण मी नारूदादाला सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

आपण दोघी माझ्या पहिल्या बाळाविषयी कधीच बोललो नाही. त्याची नाळ कापायला तू मासे कापायची सुरी घेतलीस, किनाऱ्यावर जाऊन धुऊन आणलीस आणि म्हणालीस, "दर्याच्या पाण्यानं सगलं शुद्ध होते." तुझ्या आईने तुला तसंच शिकवलं होतं. आठवड्याच्या आत त्याचा जबडा आवळला, दूध ओढता येईना. बाहेरची बाधा म्हणाले सगळे. तो धनुर्वात होता, आई. तो नाळेतून शिरतो. ट्रेनिंगमध्ये बाई फळ्यावर हे लिहीत होत्या आणि मी वर्गातून उठून गेले. तुझा फार राग आला मला. वर्षभर होता. आता नाही. तुला जे कुणी शिकवलंच नव्हतं, त्याची शिक्षा तू स्वतःला देते आहेस. तेव्हापासून शेजारची बाई बाळंतपणाला बोलवायला आली तरी तू जात नाहीस. मला ते सगळं दिसतं.

म्हणून ऐक. शिमग्याच्या आधी तू एस.टी. धरून इकडे ये. पाहुणी म्हणून नाही. वर्गात ठकीच्या शेजारी बस. ती शिकवेल, तू शिक. ती दटावेल, तू रुसू नकोस. माझी वेळ येईल तेव्हा मी अंथरुणावर असेन, मला कुणाचा हात धरता येणार नाही. मला भीती वाटते का? थोडी वाटते. पण माझा पाठ पक्का आहे हे मला माहीत आहे.

ठकीने हो म्हटलं, तर या बाळाची नाळ तू कापायची आहेस. तिने नाही म्हटलं, तर मी तिचंच ऐकेन आणि तू माझ्या उशाशी बसशील. पण ती हो म्हणेल. तुझे हात मी ओळखते.

त्याच हातांची वाट पाहणारी,
तुझी जमुना