बांगड्यांच्या डब्यातली नाणी

कोपर, डोंबिवली पश्चिम

तीर्थस्वरूप सुधीरदादांना मोरेश्वरचा वाकून नमस्कार.

आई एकवीरेच्या कृपेने इथे सगळे बरे आहेत. तुमच्या घराचं रंगकाम संपलं का? वहिनींची कंबर कशी आहे? (हे पत्र पोपट रिक्षावाल्याच्या हाती विठ्ठलवाडीला पाठवतोय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "मोरू, मुद्द्यावर ये" म्हणता, आणि हा मुद्दा सावकाश गाठण्यासारखा आहे.)

रंगकाम होईपर्यंत तांब्याची नाणी तुम्ही माझ्याकडे ठेवलीत. तुमच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या तात्यांच्या जाळ्यात खाडीतून शिवराई आली आणि तिच्यापासून हा संग्रह सुरू झाला, हे मला ठाऊक आहे. म्हणून हाताळायची नाहीत, घासायची नाहीत, ओल लागू द्यायची नाही, हे तुमचे नियम मी देवाच्या नेमासारखे पाळले. चोरांचं मात्र तुम्ही काही सांगितलं नव्हतं, ते मला स्वतःच सुचलं. चैत्रात आम्ही एकवीरेला निघालो तेव्हा घराला नुसतं कुलूप. चोर आधी कपाट फोडणार, मग देवघर बघणार (देवाला न भिणारे चोरही निघालेत). पण खारवलेल्या बांगड्यांच्या डब्यात कोण हात घालेल? मी पुडी तळाशी ठेवली, वर बांगडे रचले, आईचं नाव घेतलं आणि शेवंतीलाही काही बोललो नाही. परत आल्यावर ती जागा इतकी सुरक्षित वाटली, की नाणी तिथेच राहू दिली.

परवा डबा उघडला. मिठाला पाणी सुटून कागदाचा लगदा झाला होता. तुमची ती चॉकलेटी, गुळगुळीत नाणी हिरवीगार झाली होती. काहींवर शेवाळासारखी पूड, एक अर्धं काळं, अर्धं पोपटी. शेवंती आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "चोरांपासून वाचवलीत, आता दादापासून वाचवा." मग ती चिंच भिजवायला निघाली. तिला थांबवलं, दादा, हे एक शहाणपण माझ्या नावावर लिहून ठेवा. घासलं की नाण्याचं वय जातं, हे तुमचंच म्हणणं.

डोंबिवलीत जुनी नाणी विकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी वास घेतला आणि विचारलं, "कोणत्या खाडीतून काढलीत?" मी म्हटलं, घरातूनच. त्यांच्या मते मीठ तांब्यात शिरलंय, नुसतं पुसून जाणार नाही. बॅटरीत घालतात त्या पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, घासू नका. हिरवं थांबेल, जुन्या रंगाची खात्री नाही. पाणी पोपटने दिलं. आता काचेची वाटी देवाजवळ आहे. सकाळी उठून आधी आईला हात जोडतो, मग वाटीत बघतो (आज उलटं झालं, आईने माफ करावं). पाणी आता कमी हिरवं होतंय. वास मात्र जात नाही. शेजाऱ्यांचं मांजर वाटीसमोरून हलत नाही. रविवारी ठाण्याच्या प्रदर्शनात नाणी मांडाल तेव्हा काचेच्या पेटीचं झाकण बंद ठेवावं, एवढी विनंती.

बाकी काळजीचं काही नाही.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. शनिवारी शेवंतीने वहिनींना पाठवलेले बांगडे त्याच डब्यातले. तिला बिचारीला काय माहीत? तो हिरवा गंज पोटात जाऊ नये. तळले असतील तर खाऊ नका. खाल्ले असतील तर पत्र इथेच ठेवा आणि दोघं डॉक्टरकडे जा.

आणखी एक. बांगडे फेकू मात्र नका. तात्यांची शिवराई वाटीत नाही. डबा उलटा करून पाहिला, लगदा चाळून पाहिला. खारवलेल्या बांगड्याचं पोट चिरलेलं असतं, तेव्हा एकेकाचं उघडून बघा, हलक्या हाताने. सापडली तर पुसू नका, मीच पाणी घेऊन येतो. पोपट खाली थांबलाय, त्याला नुसतं "हो" सांगा. नाही सापडली तर काहीच सांगू नका. तो येईपर्यंत मी देवापुढे बसलोय. मांजरही बसलंय.