घाई: तीन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

माझा पलंग खिडकीपासून हलवला. विचारलंसुद्धा नाही. का, तर घंटीची वायर खिडकीपर्यंत पोचत नाही. म्हातारीनं वायरीपाशी जायचं, वायर म्हातारीपाशी येणार नाही.

आता नमस्कार वगैरे. ही वही व्यायामवालीनं दिली. मी पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून मुलाकडे आहे. रोज किती पावलं चालले ते इथं लिहायचं. बाकी मी माझ्या मनाचं लिहिणार. चौथीपर्यंत शाळा झाली, स्वतःशी बोलायला तेवढी पुरते.

निश्चय: महिनाअखेर माझ्या दोन खोल्यांत परत. मला कुणाची गरज नाही. मुलगा म्हणतो, आई, घंटी नीट चालायला लागली की त्याच आठवड्यात सोडतो, त्याआधी एकटीला ठेवणार नाही. मी म्हटलं, आजच चालू करा, मी बॅग भरून बसते.

बॅग भरली नाही. चेन अडकते.

पावलं: वीस. (भिंत धरून. भिंत धरलेली मोजू नयेत असं कुणी सांगितलं नाही.)

४ फेब्रुवारी, मंगळवार.

घंटी नातीनं केलीय. तिची नोकरीच ती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घंट्या. मी बटण दाबलं की कॉम्प्युटरला चार गोष्टी जातात: कुठलं घर, कुठली खोली, किती घाई, किती वाजले. एकदा दाबलं तर घाई एक, म्हणजे सावकाश या. तीनदा दाबलं तर घाई तीन, म्हणजे धावा.

हे सगळं सी नावाच्या भाषेत लिहितात. अख्ख्या भाषेला एक अक्षर. नाव ठेवणाऱ्याला बोलायचा कंटाळा असणार.

नातीचा कॉम्प्युटर लिनक्सवाला. लिनक्स म्हणजे मला आधी कुणी मुलगा वाटला, म्हणून घरदार विचारलं. मुलाचा कॉम्प्युटर विंडोजवाला. घंटी दोन्हीवर चालली पाहिजे, नाहीतर तिचा साहेब हे काम तिच्याकडून काढून घेणार आहे.

पावलं: वीस. कालचीच धरली.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

चाचणी. एकदा दाबली. पाणी हवं होतं.

मुलगा वरच्या मजल्यावरून एका पायात चप्पल घालून धावत खाली. मागून सून, ओल्या हातांनी. मुलाच्या कॉम्प्युटरवर घाई तीन, लाल अक्षरं, वर भोंगा. नात मात्र कप हातात घेऊन रमतगमत आली. तिच्याकडे घाई एकच दिसली म्हणे.

यावरून कळलं ते लिहून ठेवते. विंडोज मायाळू आहे. लिनक्सला माया नाही.

मुलानं विचारलं, आई, काय झालं? मी म्हटलं, तहान लागली. तो धापा टाकत पलंगावर बसला. दहा मिनिटं बसला. महिन्यात पहिल्यांदा. या घराला माझी किती सवय झालीय. मी गेल्यावर यांचं कसं व्हायचं कुणास ठाऊक. पण जाणार हे नक्की.

पावलं: वीस लिहिते. चाचणीमुळे बुडाली, माझा दोष नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दिवसभरात पाच वेळा घंटी. दोनदा नातीनं, तीनदा मी. तिला मदत म्हणून.

दर वेळी धावाधाव, दर वेळी घाई तीन. आणि वेळ बारा. सकाळी नऊला बारा, दुपारी चारला बारा. घराच्या आणि खोलीच्या जागी भलेमोठे आकडे, एवढी घरं जगात नसतील. सून म्हणाली, आई, तुम्ही खरंच आमचे बारा वाजवलेत. पाचव्या वेळी प्रोग्रॅम आडवाच झाला.

नात डोकं धरून बसली. म्हणाली, आजी, तोच कोड, तीच घंटी, माझ्याकडे बरोबर आणि बाबांकडे चूक. कशी? मी म्हटलं, घाई करू नकोस बाळा. सावकाश शोध. महिना लागला तरी मी थांबेन.

एवढा समजूतदारपणा या घरात दुसऱ्या कुणात नाही.

पावलं: पंचवीस. प्रगती दिसायला हवी.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळची गोळी घेतली आणि दुपारी तीनला उठले. दोष सुनेचा. गोळ्यांच्या डबीला चार खण. ती तिच्या बाजूनं भरते, मी माझ्या बाजूनं उघडते. तिचा पहिला तो माझा चौथा. झोपेची गोळी सकाळी पोटात.

सून म्हणाली, आई, झाकणावर लिहिलंय की सकाळ, दुपार. मी म्हटलं, चष्मा नसताना झाकणावर काही लिहिलेलं नसतं.

पावलं: झोपेत मोजता येत नाहीत. पंचवीस.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपार.

साहेबानं नातीला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. ती माझ्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली, नाक लाल. मी गप्प बसायचं ठरवलं. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पाच मिनिटं बसले.

मग राहवेना. म्हटलं, अगं, तो बारा म्हणजे वेळ नाही, आपल्या घराचा नंबर. आणि घाई तीन म्हणजे माझी खोली, तीन नंबरची. पहिलं चौथ्या खणात पडलंय, दुसरं तिसऱ्यात. माझ्या गोळ्यांसारखं.

नात केवढ्यानं ओरडली, आजी, कॉलिंग कन्व्हेन्शन! मला वाटलं शिवी दिली.

तिनं सांगितलं ते असं. प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, तेव्हा सोबतच्या गोष्टी ठरलेल्या खणांत ठेवतं. कुठली गोष्ट कुठल्या खणात, याची रीत लिनक्सच्या घरी एक, विंडोजच्या घरी दुसरी. सी लिहिणाऱ्याला हे बघावं लागत नाही. सीचं मशीनच्या भाषेत करून देणारा कंपायलर नावाचा एक आहे, तो घर बघून गोष्टी जागच्या जागी ठेवतो. पण मधला एक तुकडा एका जुन्या माणसानं थेट मशीनच्या भाषेत, हातानं लिहिलेला. लिनक्सच्या रीतीनं. माणूस गेला नोकरी सोडून. तुकडा विंडोजच्या घरी आला तरी आपल्या जुन्याच खणांत हात घालतो. पहिल्या दोन खणांत कचरा लागतो, पुढच्या दोनांत भलत्याच गोष्टी. वर तिथले जे खण जसेच्या तसे ठेवायचे असतात, तेही विस्कटून जातो. म्हणून प्रोग्रॅम आडवा होतो.

मी म्हटलं, मग काढून टाका त्याला. ती म्हणाली, नाही गं, तुकडा चांगला आहे. मी फक्त सीमध्ये त्याच्या नावापाशी एक शब्द लिहायचा, की याला लिनक्सच्या रीतीनं हाक मार. मग कंपायलर तेवढ्यापुरतं त्याच्या खणांत ठेवतो. बाकी घर आहे तसंच.

मला हे फार पटलं. सुनेला मुद्दाम बोलावून ऐकवलं, की जुन्याशी त्याच्या रीतीनं बोलावं लागतं. ती म्हणाली, हो आई, पण तो तुकडा निदान उलट बोलत नाही.

दहा मिनिटांत घंटी चालू झाली. माझ्यामुळे. हे तारखेनिशी लिहून ठेवते.

पावलं: तीस. आनंदात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

एकदा दाबली. दोन्ही कॉम्प्युटरवर घर बारा, खोली तीन, घाई एक, वेळ बरोबर. कुणी धावलं नाही. पंचवीस मिनिटांनी सून आली. म्हणाली, घाई एक होती म्हणून भाजी चिरून आले.

साहेबानं नातीला शाबासकी दिली. मी विचारलं, माझं नाव सांगितलंस? म्हणाली, सांगितलं, तो खूप हसला. म्हणजे छाप पडली.

मुलगा म्हणाला, आई, रविवारी सोडतो तुला. मी म्हटलं, सोड की, मी कधीची तयार आहे. फक्त पायाचं व्यायामवालीला विचार, तिचा शब्द मोडायला नको.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

व्यायामवाली आली. वहीतले आकडे वाचून दाखवा म्हणाली. वाचले. वीस, वीस, वीस, पंचवीस, पंचवीस, तीस. टाळ्या वाजवल्या तिनं. म्हणाली, आजी, तुम्ही तर आरामात एकट्या राहाल.

आकडे जरा सढळ हातानं लिहिले होते. तिला तेवढं कळायला हवं होतं. कसली शिकलेली म्हणायची.

मुलानं बॅगेच्या चेनला तेल लावलं. एका झटक्यात लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

माझ्या दोन खोल्या. अखेर सुटले. निघताना सून डोळे चोळत होती. धूळ गेली म्हणाली. ती असंच म्हणणार.

मुलानं भिंतीत घंटी बसवली आणि मी टाकलेली भाजी शिजायच्या आत निघाला. नात आली नाही. तिला नवीन काम दिलंय, मोठं. घंटी चालल्याबद्दल.

शांतता आहे. हीच तर हवी होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

चार वाजून दहा मिनिटांनी एकदा दाबली. काही नाही, चालते का बघायला. हिरवा दिवा लागला, म्हणजे निरोप पोचला. घर चार, खोली एक, घाई एक, वेळ चार दहा. सगळं आपापल्या खणात गेलं असणार. मीच दुरुस्त केलंय.

साडेचार. पाच. कपडे बदलून बसले होते.

सहाला मुलाचा फोन. आई, घाई एकच होती ना? मग रविवारी चक्कर मारतो. मी म्हटलं, हो, एकच. काम काहीच नव्हतं.

तीनदा दाबणार नाही. मी काही मरत नाही.

पावलं: सात. दारापर्यंत. खरी.

उद्या नातीला फोन करून सांगायचं, आणि विचारायचं नाही, सांगायचंच. घंटी वाजली की ओ मुलानं द्यायची नाही, सुनेनं नाही, हिरव्या दिव्यानं तर मुळीच नाही. घाई कितीही दिसो, ओ नातीनंच द्यायची. आणि दारात उभं राहून द्यायची.