अथांगाच्या बोटावर कप्तानाचा पाय

आत्याच्या पायांवर डोकं (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता),

पाकीट बघून छातीवर हात ठेवू नकोस. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, आंघोळही करतो (पाणी आलं तर). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून प्रत्येक पायरीला वेगळी शिवी देतेस, की आता मजल्याला एक अशी काटकसर सुरू केलीस? बाबा कसे आहेत? तब्येतीने कसे ते विचारतोय, रागाने कसे आहेत ते मला इथे बसूनही कळतं. चष्म्याच्या दुकानात माझ्यासाठी ठेवलेली ती काउंटरमागची खुर्ची अजून रिकामी आहे का? असेल तर कुणालातरी बसव गं तिच्यावर. रिकामी खुर्ची बघितली की बाबांना मी आठवतो, आणि मी आठवलो की तुला ऐकून घ्यावं लागतं.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मध्येच ओरडतेस आणि मग मी मुद्दा सोडून तुझी समजूत काढत बसतो. पत्रात तू कितीही ओरडलीस तरी मला ऐकू येत नाही. सातवीपर्यंतच्या शिक्षणाचा एवढा एक फायदा मला आत्ता झाला.

तर माझ्या नोकरीचं. पायाला भिंगरी असलेला हा तुझा भाचा (बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, धोबीकाम तर इस्त्री तापायच्या आत सोडलं) सध्या एका जागी न हलता उभं राहण्याचे पैसे घेतो. खोटं वाटेल, पण शपथ. पोरांसाठी टीव्हीवर अंतराळातली एक मालिका लागते, तिच्यात मी अथांग आहे. आधी तिथे नुसता फळ्या उचलायला होतो. जुना अथांग पाठ धरून बसला, मग साहेबांनी (म्हणजे दिग्दर्शकांनी) सगळ्यांकडे नजर टाकली आणि सगळ्यात लांबलचक माणूस निवडला. ताडमाड वाढलाय आणि उपयोग शून्य, असं बाबा म्हणायचे ना? उपयोग निघाला.

अथांग म्हणजे कोण, तर सगळ्यांत मोठा. किती मोठा ते विचारू नकोस, मालिका लिहिणाऱ्या बाईंनाही माहीत नाही. आकाशगंगा त्याने केल्या, तारे त्याने पेटवले, कंटाळा आला की विझवतो. त्याला आदि नाही, अंत नाही, नाक नाही. पाठीला एक चेन आहे, ती अर्ध्यावर अडकते. अंगरखा चंदेरी रबरी कापडाचा, आत कमरेपाशी एक पंखा. पंखा चालू केला की अथांग फुगतो, बंद केला की गळपटतो, म्हणून इथे सगळे त्याला फुगोबा म्हणतात. तिसऱ्या डोळ्याखाली बोटभर फट आहे, तेवढ्यातून मी ब्रह्मांड बघतो. ब्रह्मांड म्हणजे गाद्यांचं जुनं गोदाम. यानाच्या भिंती फ्रिजच्या खोक्यांच्या, आणि ग्रहांवर अजून कापूस उडतो. आणि संडासला जायचं तर दोन माणसं लागतात, एक चेन सोडवायला आणि एक डोकं धरायला. सर्वशक्तिमानाची ही कथा, तर साध्या माणसाने कशाचा माज करावा?

आत्या, इथे एक अडचण अशी की अथांग हलत नाही. मान वळवत नाही, घाई करत नाही, युगानुयुगं तसाच. आणि आत मी! मला फोटो काढतानासुद्धा स्वस्थ उभं राहवत नाही. पहिल्याच दिवशी पाठीला अशी खाज सुटली की मी मागे सरकत सरकत यानाच्या दाराच्या चौकटीला पाठ घासली. आता दुसऱ्या ठिकाणी हे चित्रण पुन्हा घेतलं असतं. आमच्याकडे साहेबांचा नियम एकच, एकदा घेतलं की घेतलं. कारण हे गोदाम दुपारनंतर स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला दिलेलं आहे, आणि त्या बाया शेगड्या घेऊन दारात ताटकळत असतात. (आमच्या सगळ्या ग्रहांना तळलेल्या कांद्याचा वास येतो तो त्यामुळे.) म्हणून लिहिणाऱ्या बाई कॅमेऱ्यामागे पाटी आणि खडू घेऊन बसतात. माझं काही चुकलं की त्या पाटीवर भराभर नवं वाक्य लिहितात आणि कप्तान ते वाचतो. त्या दिवशी त्याने वाचलं, की बघा, अथांग दोन विश्वं एकमेकांवर घासतो आहे!

झालं. तेव्हापासून मी काही केलं तरी त्याला अर्थ असतो. पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय आपटला, तर एका ग्रहाचा निकाल लागला. शिंक आली आणि डोकं फिरून मागे गेलं, तर अथांगाला भूतकाळ दिसू लागला. आमच्या गल्लीतली पोरं आता विजेच्या खांबाला पाठ घासतात आणि गंभीर चेहऱ्याने एकमेकांना शाप देतात. एका आईने तर खरूज समजून पोराला डॉक्टरकडे नेलं. मला बघ, जन्मात कुणी माझ्या बोलण्याला अर्थ दिला नाही, आणि इथे खाजेला मिळाला.

कप्तान म्हणजे यानाचा कप्तान, मालिकेचा नायक. एरवी संध्याकाळी लोकांना मोटार शिकवतो, त्यामुळे यानात बसला की आधी आरसा बघतो, जो नाहीच. त्याचं आणि माझं पटत नाही. त्याचं म्हणणं, सगळी मेहनत तो करतो आणि श्रेय फुगोबाला जातं. हे खरं आहे. यान बिघडतं, कप्तान घामाघूम होतो, रडतो, आठवणी सांगतो, आणि तेवढ्यात मी हात वर करतो की यान दुरुस्त. मग उरलेला वेळ सगळ्यांनी आभार मानायचे.

यानेच घात केला. बाई वैतागल्या. म्हणाल्या, ज्याला सगळंच येतं त्याला मी करायला काय देऊ? मी सुचवलं, त्याला सर्दी द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबा तुझ्या जुगाडांकडे बघतात तसं. आणि ठरलं, की अथांगाला मारायचं. साहेबांनीही मान डोलावली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली गं. मरणाचं मला काही नाही, इथे रोज कुणीतरी मरतं आणि चहाला हजर असतं. पण तू बाबांसमोर छातीठोक सांगून बसली आहेस, की पोरगं एका जागी वर्षभर टिकेल, नाहीतर मी त्याची बाजू घेणं सोडेन आणि ते मुकाट काउंटरमागे बसेल. वर्ष भरत आलंय आणि मला मारताहेत! जगाच्या इतिहासात असं कुणाचं झालं असेल का, की तारे विझवता येतात पण नोकरी टिकवता येत नाही? बाबा पुढची दहा वर्षं तुला जेवताना हे ऐकवतील, आणि मी काचेमागे बसून लोकांना विचारेन, खालची ओळ दिसते का?

म्हणून मी बाईंना गाठलं. म्हटलं, “बाई, नका ना मारू.”

“तुला कोण मारतंय? अथांगाला मारतेय.”

“पण आत मीच असतो ना!”

“मग बाहेर ये,” म्हणाल्या, आणि खडू झटकला.

मरणाचा दिवस उजाडला. आता तुला सांगायचं राहिलं, अथांग बोलतो तो आवाज माझा नाही. प्लायवुडच्या मागे एक म्हातारे काका बसायचे, पत्र्याच्या नळीला तोंड लावून बोलायचे. काय आवाज! बटाट्याचे भाव सांगितले तरी प्रलय आल्यासारखा वाटायचा. त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं, की मी जिथून आलो तिथे जातो, आणि खरंच गेले. नळी पुसून ठेवली, साहेबांशी हात मिळवला आणि थेट लेकीच्या गावाची गाडी पकडली. इकडे माझा पंखा बंद केला. मी हळूहळू गळपटत जमिनीवर पसरलो, अंगावर सगळं रबर, वर ते डोकं. छान मेलो होतो. स्वयंपाकाच्या बायांपैकी एकीने दारातच डोळे टिपले (कांद्याने असेल).

मग कप्तान पुढे आला आणि भाषणाला उभा राहिला. भाषण लांब. अथांग किती थोर होता, पण माणूस त्याहून थोर कसा, वगैरे. एवढ्यात त्याचा बूट माझ्या हाताच्या बोटावर. मोटार शिकवणाऱ्याचा पाय, आत्या! सगळा जन्म दुसऱ्याच्या भीतीने ब्रेक दाबण्यात गेलेला. मी सोसलं. पहिल्या परिच्छेदापर्यंत सोसलं, दुसऱ्यापर्यंत दात आवळले. तिसऱ्याला तो भावनेच्या भरात टाचेवर फिरला, आणि त्या मेलेल्या रबराच्या ढिगातून माझ्या स्वतःच्या आवाजात निघालं, “ए, पाय काढ की!”

कप्तान जो उडाला तो थेट यानाच्या भिंतीतून पलीकडे. फ्रिजचं खोकं, त्याला काय लागतं! बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं, आणि शेवटी पाटीच उलटी ठेवली. शेगड्या आत आल्या. साहेब डोकं धरून बसले, पण नियम तो नियम, एकदा घेतलं की घेतलं. ते तसंच टीव्हीवर गेलं.

आणि पोरं खूश! अथांग मेल्यावरही कप्तानाला दटावतो, हे त्यांना फारच आवडलं. शाळाशाळांतून पोरं एकमेकांच्या बोटांवर पाय देऊन मेलेल्यांना जिवंत करताहेत, असं ऐकतो. साहेबांचं मन पालटलं. म्हणाले, फुगोबाला परत आणू. बाईंनी ओठ घट्ट मिटून होकार दिला.

पण बुडत्याचा पाय खोलात. परत आणायचा, तर बोलणार कोण? काकांना कळवलं. त्यांनी उलट निरोप दिला, मी सुटलोय, मला नातवंडांशी हळू आवाजात बोलू द्या. माझा आवाज घेऊन बघितला, तर साहेब म्हणाले, दाराची बिजागरी याहून बरी. कप्तान तयार होता, पण मग तोच स्वतःला दटावणार आणि स्वतःलाच घाबरणार. साहेबांचा आवाज चौथ्या शब्दाला फाटतो. बाई नळीत बोलल्या, पण त्या वाक्याच्या मध्येच थांबून वाक्य दुरुस्त करतात. शेवटी साहेबांनी सांगितलंय, येत्या सोमवारपर्यंत आवाज मिळाला तर अथांग जिवंत, नाही मिळाला तर ते ओरडणं म्हणजे त्याचा शेवटचा आचका होता असं दाखवून विषय संपवायचा. म्हणजे माझाही.

असं आहे. बाकी सगळं क्षेम. शेजारच्यांना आठवण सांग, बाबांना मात्र यातलं काही सांगू नकोस, आणि गुडघ्याला शेक घे.

तुझा लांबलचक भाचा

ता. क. आत्या, तू ये. इथे खोली आहे, खिडकी आहे, जिना नाही. दवाखान्यात तू पुढचा नंबर पुकारतेस तेव्हा ज्यांचा नंबर नाही तेसुद्धा उभे राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा तर एका माणसाचा ताप नुसत्या तुझ्या आवाजाने उतरला आणि तो घरी गेला. रजा काढ. साहेबांना मी सांगून टाकलंय, की आवाज घरचाच आहे आणि रविवारी पोचतो. बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव, खोटं बोलण्यात घरात तुझ्याखालोखाल माझाच नंबर, पण पहिला तुझा.

दुसरा ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही म्हणून. कप्तानाने बोटावर पाय दिला नव्हता. त्याचा बूट माझ्या बोटापासून चांगला वीतभर दूर होता. मी हात सरकवत सरकवत बोट त्याच्याखाली नेलं. मरायला टेकलेला माणूस आणखी काय करणार? पण दुखलं ते खरं दुखलं. नख काळं पडलंय, आलीस की दाखवीन.

शेवटचा ता. क. बाईंनी सोमवारचं तुझं वाक्य लिहून दिलंय. यान फुटतं, सगळीकडे अंधार, कप्तान घाबरून पळायला बघतो, आणि अथांग त्याला म्हणतो, “हलू नकोस. मी इथेच आहे.” एवढंच. मला टाके घालताना डॉक्टरांच्या टेबलाशी उभी राहून तू हेच म्हणाली होतीस, तेव्हा सरावाची गरज नाही. फक्त तेव्हासारखं वाक्याच्या शेवटी ‘गाढवा’ जोडू नकोस. ते बाईंनी लिहिलेलं नाही.