आयनोच्या देशाचा अर्ज

बुधवार, १८ मे २०२२, सेरंगून

फिनलंडने आज पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीत सामील व्हायचा अर्ज दिला. बातमी ऐकली आणि आयनो आठवली. पीएचडीच्या दिवसांत इथल्याच सेम्बावांग भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी चार वर्षं एकत्र राहिलो. उकाडा सोसवेना की ती स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर बसायची, माझ्या हातची खिचडी तिथेच खायची. त्या फरशीवरच एकदा म्हणाली होती, "आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. आजोबांचं गाव युद्धात सीमेपलीकडे गेलं, तेव्हापासून आमच्या घरात हेच ऐकत आलेय." मी तिची थट्टा केली. का केली? मला काय कळत होतं तेव्हा?

आज जेवणाआधी तिला फिनलंडला फोन लावला, तीन वर्षांनी. लेक विचारत होती, "हू इज दॅट, आई?" जुनी मैत्रीण, म्हटलं.

"बरं वाटतंय ना?" मी आयनोला विचारलं.

"वाटतंय. अर्ज करावा असं माझंही मत होतं. पण सकाळी बातमी लागली आणि मला रडू आलं. आजोबा असते तर काय म्हणाले असते, कळत नाही." मग हळूच म्हणाली, "बाबांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी लष्करी सरावाला पुन्हा नाव दिलंय."

ती फरशी, ते रेंगाळलेले रविवार... किती निर्धास्त होतो आम्ही.

फोन ठेवताना ती म्हणाली, "या जूनमध्ये ये."

इतकी वर्षं ती "कधीतरी ये" म्हणायची. मी लगेच ऑफिसला रजेचा मेल पाठवला.