डावा पदर वर

प्रिय चिझू,

आज आपल्या पाहुणघरात एक परदेशी माणूस झऱ्यावर अंघोळ करून जेवायला आला, तो पाहुण्यांसाठी ठेवलेला सुती युकाता उलटा नेसून. उजवा पदर वर, प्रेताला नेसवतात तसा! स्वयंपाकघरात सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला तुझा हेन्रिक आठवला. तोही असाच आला होता आणि तू लाजत त्याचा डावा पदर वर घेऊन दिलास. वर्षभरात त्याच्याबरोबर निघूनही गेलीस.

"मढ्यासारखा नेसून आला आणि माझी पोरगी घेऊन गेला!" बाबा ओरडले होते. पण तू गेल्यावरही कुणी उलटं नेसून आलं की तेच हाक मारायचे, "चिझू, नीट करून दे गं." मग मी जायचे. तीस वर्षं मीच गेले.

गेल्या हिवाळ्यात बाबा वारले. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते, म्हणून रागाने मी तुला कळवलंच नाही. अखेरचा किमोनो मीच नेसवला. हाताच्या सवयीने डावा पदर वर घेतला गेला, जिवंत माणसाला नेसवतात तसा.

भिक्षू खाकरले, "फुमिएबाई, पदर..."

"राहू द्या," मी म्हटलं, "चिझू येऊन नीट करेल."

पाकिटावर तुझा पत्ता अजून न लिहिलेली,
तुझी ताई