अर्जदारास मालवाहू ट्रक समजून घरी पाठवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख तपासणी अधिकारी,
जिल्हा मालवाहतूक तपासणी कार्यालय,
खोली क्रमांक १४, दुसरा मजला

विषय : दि. २६ मे रोजी ट्रक क्रमांक ७ सोबत, अथवा ट्रक क्रमांक ७ च्या ऐवजी, मला माझ्या घरी पोहोचू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ३ एप्रिल २०२३.
२) आपले उत्तर, दि. १७ एप्रिल २०२३ ("सदर ट्रक विहित मुदतीत मूळ तळावर परतल्याचे आढळल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.")

महोदय,

१. मी, वेल्को पेन्चेव ग्रोझ्दानोव, वय ४९, मुक्काम दोल्नो क्रुशोवो, 'ल्यास्तोवित्सा कार्गो' या कंपनीत अकरा वर्षे ट्रकचालक आहे. आपले उत्तर मला बेल्जियममधल्या एका ट्रकतळावर फोनवर वाचून दाखवण्यात आले. वाचणारी माझी पत्नी झ्लात्का होती. "तुझी तक्रार निकाली निघाली म्हणे. मग आता जेवायला ताट वाढू का?" असे तिने विचारले. तिला काय सांगावे हे आपल्या उत्तरात नमूद नव्हते, म्हणून हा दुसरा अर्ज.

२. पहिल्या अर्जात मी लिहिले होते की मी घरी आलो नाही. आपण तपास करून कळवले की मी चालवतो तो ट्रक क्रमांक ७ घरी आला. ट्रक आला याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तो माझ्याच अंगणात उभा होता, हे शेजाऱ्यांनीही पाहिले आहे.

३. ट्रक माझ्या अंगणात का येतो, हे सांगताना मला माझाच मूर्खपणा कागदावर आणावा लागत आहे. युरोपचे नवे नियम आले, वाहतूक न्याय्य, कार्यक्षम आणि स्वच्छ व्हावी म्हणून. त्यात असे ठरले की प्रत्येक ट्रकने दर आठ आठवड्यांनी आपल्या देशातल्या आपल्या तळावर परतलेच पाहिजे. आमच्या कंपनीकडे राजधानीत दोन खोल्या, एक कॉफीचे यंत्र आणि अकरा ट्रक होते. तळ नव्हता. तेव्हा मी आपण होऊन पुढे झालो आणि माझे मागचे अंगण देऊ केले. मनात हिशेब साधा होता : ट्रकचे घर माझ्या घरी झाले, की ट्रक घरी आला म्हणजे मी घरी आलो. कायद्याला आपण शेंडी लावली, अशा थाटात मी त्या रात्री सगळ्या गल्लीला घरी गाळलेली राकिया दारू पाजली. कायद्यात ट्रक लिहिलेला आहे, वेल्को लिहिलेला नाही, एवढे वाचायला मात्र विसरलो.

४. प्रत्यक्षात पुढीलप्रमाणे घडते. ट्रकची मुदत भरत आली की आमच्या कंपनीतल्या गाड्या सोडणाऱ्या देस्पिना बाई बावीसशे किलोमीटर अंतरावर, मी असेन त्या ट्रकतळावर, गेन्चो काकांना पाठवतात. गेन्चो काका निवृत्त आहेत आणि त्यांचे काम एवढेच, रिकामा ट्रक घरी न्यायचा, उभा करायचा, आणि परत आणून सोडायचा. मला त्याच ट्रकतळावर दुसऱ्या ट्रकमध्ये बसवले जाते, कारण माल इकडे आहे. मी देस्पिना बाईंना विचारले की ट्रक माझ्या घरी जातोय तर मीच का चालवू नये. त्या म्हणाल्या, "वेल्को भाऊ, समजून घ्या ना. नियम ट्रकचा आहे, तुमचा नाही. ट्रक नाही गेला तर दंड होतो. तुम्ही नाही गेलात तर कुणाला काय होतंय?"

५. येथे नोंदवणे आवश्यक आहे की माझाही एक नियम आहे. मालकाने चालकाला दर चार आठवड्यांनी घरी जाण्याची सोय करून द्यावी, असे तो सांगतो. कंपनी ही सोय करते. मी ती नाकारतो. नाकारतो असे मला कंपनीच्या फाइलवरून कळले. नोकरीचा करार नव्याने झाला तेव्हा माझ्याकडून तेरा कागदांवर सह्या घेतल्या होत्या : "मी स्वखुशीने घरी न जाता अन्यत्र विश्रांती घेऊ इच्छितो." तारखेची जागा कोरी होती. चार आठवडे गुणिले तेरा म्हणजे एक वर्ष, हे माझी मुलगी एलित्सा हिने लगेच सांगितले. ती गणितात हुशार आहे. मी त्या वेळी कागद नुसते उलटत गेलो.

६. वाहतूक स्वच्छ व्हावी यासाठी हे चालले असल्याने धुराबद्दलही दोन शब्द. अकरा ट्रक दर आठ आठवड्यांनी रिकामे येतात, माझ्या अंगणात एक रात्र काढतात आणि रिकामे परत जातात. माझ्या अनुभवाप्रमाणे धूर रिकाम्या ट्रकमधूनही निघतो. झ्लात्काने चादरी आता मागच्या अंगणात वाळत घालणे सोडले आहे. न्याय्यतेबद्दल म्हणाल तर गेन्चो काका पाहुणे म्हणून माझ्या घरी जेवतात, कारण दारी आलेल्याला उपाशी ठेवण्याची आमच्याकडे रीत नाही. गेल्या खेपेस त्यांनी माझ्या घरून मला फोन केला : "अरे वेल्को, भरलेल्या ढोबळ्या मिरच्या काय झाल्यात म्हणून सांगू! तुझ्या खुर्चीत बसलोय, रागावू नकोस, दुसरी डुगडुगते." मी त्या वेळी डब्यातले बीन्स थंडच खात होतो. गेन्चो काका माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

७. विश्रांतीबाबतही कायद्याने माझी काळजी घेतलेली आहे. पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही. मागच्या महिन्यात एका तरुण तपासनीसाने दार वाजवले आणि फोनमधल्या भाषांतरावरून समजावले, "काका, तुम्हाला घरासारख्या जागी झोपायला मिळालं पाहिजे. हा तुमचा हक्क आहे." मी म्हणालो, "घरासारखी कशाला, चांगलं घरच आहे माझं. सोडता का?" तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दंडाची पावती फाडली. आता मी केबिनमधला पलंग रिकामा ठेवतो आणि बाहेर घडीच्या खुर्चीवर बसून हक्क बजावतो. पाऊस आला तर शेजारच्या लिथुआनियन चालकाच्या ट्रकखाली बजावतो.

८. आता मूळ मुद्दा. शुक्रवार, दि. २६ मे रोजी माझी मुलगी एलित्सा हिचा बारावीचा, शाळा संपल्याचा, निरोप समारंभ आहे. आपणही याच देशाचे असल्याने जास्त लिहीत नाही, पण अर्जात कारण द्यावे लागते म्हणून लिहितो. सनई-ढोल दारात येतील, नातेवाईक जमतील, पोरे रस्त्यावर बारा इयत्तांचे एक ते बारा आकडे घसा फुटेस्तोवर ओरडतील. आमच्या गावात बाप मुलीचा हात धरून तिला फाटकाबाहेर आणतो आणि तिथेच तिच्यासोबत पहिला फेर धरतो. हा दिवस पुढे ढकलता येत नाही. तो तिच्या आयुष्यात दुसऱ्यांदा येणार नाही.

९. गेल्या वर्षी माझ्या मुलाचा, प्लामेनचा, निरोप झाला. त्याही दिवशी ट्रक क्रमांक ७ विहित मुदतीत हजर होता. फोटो माझ्याकडे आहे. नवा सूट घातलेला प्लामेन, शेजारी त्याची आई, आणि बापाच्या जागी ट्रकचे तोंड. कोणीतरी त्याच्यावर फुलांचा हारही घातला होता. माझे मेव्हणे म्हणाले, "चला, निदान ट्रक तरी आला." सगळे हसले. मीही फोनवर हसलो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडी सुरू केली नाही. केबिनमधल्या, चालकाचे तास मोजणाऱ्या यंत्राने ती वेळ विश्रांती म्हणून नोंदवली.

१०. ट्रक क्रमांक ७ यंदा ३१ मार्च रोजी अंगणातून निघाला. आठ आठवडे २६ मे रोजी भरतात. म्हणजे याही वेळी तो येणार, आणि मी येणार नाही. देस्पिना बाईंनी तसे कळवले आहे आणि माझ्या तेरातल्या एका कागदावर तारीखही घातली आहे.

११. सबब माझी विनंती अशी की मला मालवाहू वाहन समजण्यात यावे, म्हणजे माझ्या परतीची जबाबदारी आपोआप आपल्या कार्यालयावर येईल. पात्रतेचा तपशील : रिकाम्या स्थितीत वजन ९६ किलो. दिवे दोन्ही चालू, डाव्यास चष्मा. उलट जाताना आवाज होतो. धुराबाबत, मुलीने हट्ट धरल्यामुळे चार वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. ट्रक क्रमांक ७ ने असे काहीही सोडलेले नाही. माल वाहण्याची क्षमता भरपूर आहे, अकरा वर्षांत सिद्ध झाली आहे. गरज पडल्यास अंगणात एक रात्र उभा राहीन आणि सकाळी निघेन.

१२. वाहन म्हणून नोंद करणे नियमात बसत नसेल, तर २६ मे रोजी ट्रक मीच आणावा एवढा आदेश कंपनीस द्यावा. गेन्चो काकांची हरकत नाही. त्यांनी सांगितले, "तू ये रे बाबा. मी आयुष्यात कुणाच्या पोरीचा हात धरून नाचलो नाही." त्यावरून मला कळले की या वेळी ते काम त्यांनाच करायला सांगितले गेले आहे.

१३. उत्तरासाठी आपणास तीस दिवसांची मुदत असते हे मला माहीत आहे आणि तारखेला चोवीसच उरले आहेत. म्हणून हे दोन्हीही जमत नसेल तर तिसरी विनंती, जिला ना नियम लागतो ना नोंद. त्या दिवशी संध्याकाळी चार ते सहा ट्रक क्रमांक ७ फाटकाशी न ठेवता गावाबाहेरच्या रस्त्यावर ठेवावा आणि एलित्साच्या शेजारी कोणालाही उभे करू नये, गेन्चो काकांनाही नाही. ट्रक उभा असला की माणूस आला नाही हे लोकांच्या लक्षातच येत नाही, आपल्याही आले नाही. जागा रिकामी दिसली तर कोणीतरी विचारेल की बाप कुठे आहे, आणि माझ्या मुलीला ते सगळ्यांसमोर सांगता येईल.

आपला नम्र आणि अद्याप न परतलेला,

वेल्को पेन्चेव ग्रोझ्दानोव
(सही स्वतःची, तारीखही स्वतः घातलेली)

दि. २ मे २०२३
ठिकाण : ट्रकतळ, तिसरी रांग, बेल्जियम. पंचेचाळीस तासांनंतर पत्ता बदलेल.